दीड, तीन, साडेचार: पाढ्यांची विसरलेली गोष्ट

आजचा भाग पाढ्यांवर आहे. थांबा, स्किप करू नका, कारण आजचा विषयच स्किप करण्याचा आहे. दोन-दोनच्या, पाच-पाचच्या, सात-सातच्या टप्प्याने मोजणं. लहान मुलांना हे कसं शिकवायचं, आणि आपल्याकडे ते कसं शिकवलं जायचं?

सुरुवात विरारमधल्या आमच्या घरातून करतो. माझी भाची तिसरीत आहे. सातचा पाढा तिला धडाधड येतो. मागच्या रविवारी मी सहज विचारलं, "अठ्ठावीसमध्ये अजून सात मिळवले की किती?" ती गप्प. मग ओठ हलायला लागले: सात एके सात, सात दुणे चौदा... म्हणजे पाढा तिच्याकडे गाण्यासारखा होता. पहिल्यापासून लावला तरच वाजतो, मधून सुरू होत नाही. मी अजून दोनदा विचारलं, तर डोळ्यांत पाणी. "मला गणित येतच नाही," म्हणाली. आठ वर्षांची मुलगी! हे वाक्य एकदा मनात बसलं की दहावीपर्यंत निघत नाही, हे मी वर्गमित्रांमध्ये पाहिलंय.

माझे आजोबा शेजारीच बसले होते. वय ८१. म्हणाले, "तिला सोड, तू सांग. दीड साते?" मी इंजिनिअर माणूस, हात मोबाइलकडे गेला. तोवर ते बोलूनही मोकळे झाले: "साडेदहा."

हे कुठून आलं? तर परवचातून.

इंग्रजी पद्धतीच्या शाळा येण्याआधी महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळा होत्या. मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि पाढे सगळ्यांनी मिळून, मोठ्या आवाजात म्हणायची. संध्याकाळी दिवेलागणीला घरी शुभंकरोती झाली की परवचा, म्हणजे पाढ्यांची उजळणी. हे सगळ्यांच्या नशिबी नव्हतं, तेही सांगायला हवं. मुली आणि बहुतेक जातींची मुलं या शाळांच्या बाहेरच होती.

आणि पाढे फक्त पूर्ण आकड्यांचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. दिडकी म्हणून बघा: दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ. सवायकी: सव्वा, अडीच, पावणेचार, पाच. हेही टप्प्याने मोजणंच आहे, फक्त टप्पा अपूर्णांकाचा आहे. आज आपण अपूर्णांक जरा मोठ्या वर्गात शिकतो आणि घाबरतो. तेव्हा लहान पोरं ते गात होती.

मग हा एवढा खटाटोप कशासाठी? तर बाजारासाठी. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. धान्य मापायला शेर आणि पायली, ४ शेरांची एक पायली. सगळीकडे अर्धा, पाव, पाऊण. एखादी वस्तू ३ आणे शेर असेल आणि अडीच शेर हवी असेल, तर अडीचकी: अडीच त्रिक साडेसात. साडेसात आणे, विषय संपला. कागद नको, पेन नको. पाढा पाठ होता, पण त्यातला प्रत्येक आकडा बाजारात हाताला लागत होता.

मग आलं १ एप्रिल १९५७. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५, आठ आण्यांचे ५०, इथपर्यंत ठीक. पण एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे! सव्वासहा पैशांचं नाणं कुठून आणणार? मग एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ असे धरायचे. आजोबा तेव्हा तेरा वर्षांचे होते. "दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोघंही गोंधळलेले," असं ते सांगतात. पुढच्या काही वर्षांत शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. हिशोब सोपा झाला, यात वाद नाही. पण दिडकी-औटकीच्या पायाखालची जमीन गेली. राहिलं ते नुसतं पाठांतर, आणि हळूहळू तेही गेलं.

आता गंमत ऐका. त्याच १९५७ साली, आपल्याच पालघर जिल्ह्यात (तेव्हा अर्थात ठाणे जिल्हा), याच्या बरोबर उलट काम एका टेकडीवर सुरू होत होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं होतं. ते १९५७ मध्ये डहाणूजवळ कोसबाडला आलं.

ताराबाई मॉन्टेसरी पद्धतीच्या जाणकार. त्या पद्धतीत टप्प्याने मोजायला रंगीत मण्यांच्या माळा असतात: पाच-पाच मण्यांचे तुकडे जोडलेले, सात-सातचे जोडलेले. मूल माळ जमिनीवर पसरतं, बोटाने मोजत जातं आणि प्रत्येक टप्प्यावर आकड्याची चिठ्ठी ठेवतं. पण हे सामान महाग. आदिवासी पाड्यावर ते परवडणार कसं? म्हणून या दोघींनी आजूबाजूला फुकट मिळतं तेच शिक्षणाचं साहित्य केलं: खडे, बिया, पानं, शिंपले. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. मुलं गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा.

मला यातून कळलं ते एवढंच: आधी हात, मग तोंड. परवचा चालला, कारण मुलांच्या हातात आणे-पैसे होते. कोसबाडला नाणी नव्हती, तर खडे होते. आपण मात्र हातातलं काढून घेतलं आणि तोंडातलं तेवढं ठेवलं.

मग मी काय केलं? आईकडून वाटीभर चिंचोके घेतले. भाचीला म्हटलं, पाढा म्हणायचा नाही, सात-सातचे ढीग लाव. चार ढीग झाले, अठ्ठावीस. "आता अजून सात घे." तिने आधी दोन चिंचोके उचलून ठेवले आणि थांबली. "हे तीस झाले... आणि पाच उरले. पस्तीस!" पाढ्याची सुरुवात न करता. मग आजोबांनी एक ढीग घेतला आणि विचारलं, "याचा अर्धा कर बघू." तिने तीन-तीन वाटले आणि उरलेल्या एका चिंचोक्याकडे बघत बसली. "आजोबा, हा फोडायचा का?"

आजोबा म्हणाले, "फोडू नको. त्याला औट म्हणतात. साडेतीन."

त्या दिवशी तिने औटकी चार टप्प्यांपर्यंत म्हटली: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. पाठ करून नाही, ढिगांकडे बघून. सातचा पाढा आता मधूनही सुरू होतो. नेहमी नाही, पण होतो.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. घरात सत्तरी-ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा, "दिडकी येते का?" येत असेल तर रेकॉर्ड करून ठेवा. आणि घरात लहान मूल असेल तर पाढ्यांच्या आधी वाटीभर चिंचोके द्या. भेटू पुढच्या भागात!