तळघराचा मालक सुटतो कसा?

1 सप्टेंबर 2021 च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात 3 इंचांहून जास्त, म्हणजे 80 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात मुंबईतही रुळांवर पाणी येतं. आयडा वादळाच्या त्या रात्री शहरात 13 माणसं गेली, त्यातली 11 तळघरांत. बहुतेक घरं क्वीन्समधली. इमारत विभागाने चौकशी केली तेव्हा 6 पैकी 5 घरांतली तळघरं बेकायदा राहती केलेली निघाली. तेव्हाच्या महापौरांचा अंदाज होता, की शहरात अशी निदान 50,000 तळघरं असतील आणि त्यांत 1 लाखावर लोक राहत असतील.

इतकी बेकायदा घरं आणि तीही सगळ्यांना माहीत असलेली. मग मालक सुटतो कसा? या भागात आपण हाच प्रश्न घेतला होता.

कायदा नव्हता असं नाही. न्यूयॉर्कचा भाडेकरूंच्या चाळींसाठीचा पहिला मोठा कायदा 1867 चा. तळघरात माणसं ठेवायची तर छत रस्त्यापेक्षा निदान 1 फूट वर हवं आणि 20 माणसांमागे 1 संडास हवा, असं त्यात होतं. अपेक्षा केवढीशी होती ते बघा! 1887 मध्ये प्रत्येक मजल्यावर पाणी देणं सक्तीचं झालं. त्याविरुद्ध कोर्टात कोण लढलं? ट्रिनिटी चर्च. शहरातल्या सगळ्यात मोठ्या घरमालकांपैकी एक. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या विरोधात निकाल दिला तो 1895 मध्ये. नळासाठी 8 वर्षं गेली, आणि तोवर बायका वरच्या मजल्यांवर पाणी वाहत राहिल्या.

म्हणजे सुटण्याची एक वाट वेळकाढूपणाची. पण दुसरी वाट जास्त पक्की आहे आणि ती भाडेकरूच्या तोंडावरून जाते. आज न्यूयॉर्कमध्ये 311 वर तक्रार केली की निरीक्षक येतो. दार उघडलं नाही तर चिठ्ठी लावून जातो, परत एकदा येतो. तेव्हाही आत जाता आलं नाही, तर तक्रार सहसा बंद होते. कोर्टाकडून आत शिरण्याचं वॉरंट घेता येतं, पण ते क्वचितच घेतलं जातं. आणि दार उघडलं तर? जागा धोकादायक ठरते आणि रिकामी करण्याचा हुकूम निघतो. मालकाला दंडाची नोटीस येते, भाडेकरूला मात्र त्याच दिवशी सामान उचलावं लागतं. तात्पुरता निवारा मिळू शकतो, पण तेवढ्या भाड्यात दुसरं घर मिळत नाही. कागदपत्रं नसतील तर भीती वेगळीच. म्हणून दार आतूनच बंद राहतं. मालकाला काही करावंच लागत नाही.

हे आपल्याकडेही झालंय. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. 1898 मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टने कोंदट वस्त्या ताब्यात घेऊन पाडल्या. मालकांना भरपाई मिळाली. भाडेकरू गाठोडी घेऊन शेजारच्या चाळीत शिरले आणि तिथली गर्दी वाढली. शिक्षा झाली ती घराला आणि त्यात राहणाऱ्याला.

2024 मध्ये न्यूयॉर्क राज्याने शहराच्या काही निवडक भागांत तळघरं दुरुस्त करून कायदेशीर करायला वाट मोकळी केली. बाहेर पडायचा दुसरा रस्ता, खिडकी, धुराचा अलार्म हे सगळं बसवायचं, आणि भाडेकरूने तिथेच राहायचं. ही दिशा मला बरोबर वाटते. पण खर्च मोठा आहे. तो मालक करेल की भाडेकरूला काढून मोकळा होईल, हे बघावं लागेल.

तुमच्यापैकी कुणी कधी ओळखीतून स्वस्त बेसमेंट घेतलं असेल. रोख भाडं, करार नाही, 'कुणी विचारलं तर पाहुणा आहे म्हणून सांग'. हे वाक्य मालकाच्या सोयीचं असतं. तक्रार केल्यावर डोक्यावरचं छप्पर जाणार नाही, एवढी खात्री कायद्याने दिली, तरच ते बोलणं बंद होईल.