उपेक्षेतून उरलेला वारसा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजधान्या, तह आणि लढाया उभ्या राहतात. खेड्यालाही इतिहास असतो, हे आपण सहसा विसरतो. म्हणून आज आपण मध्य फिनलंडमधील पेतॅयॅवेसी या लहानशा ग्रामीण पालिकेकडे वळू. तिची लोकवस्ती चार हजारांच्या आसपास. पेतॅयॅ म्हणजे पाइन वृक्ष आणि वेसी म्हणजे पाणी. गावाचे अर्धे चरित्र या नावातच आले.

अठराव्या शतकात हा मुलूख स्वीडनच्या राजसत्तेखाली होता. येथील शेतकरी यॅम्सॅच्या धर्मपरगण्यात मोडत. तेथील प्रार्थनामंदिर मात्र दूर. तेव्हा त्यांनी आपले स्वतःचे मंदिर उभारले. 1763 ते 1765 या काळात याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन या सुताराने ते पाइनच्या ओंडक्यांचे बांधले. ‘क्लेमेतिनपोइका’ म्हणजे क्लेमेत्तीचा मुलगा. जागा निवडली ती पाण्याच्या काठची. कारण उन्हाळ्यात लोक होडीने येत आणि हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून. चारही भुजा समान असलेला क्रूस हा त्याचा आराखडा. ही कल्पना युरोपातील प्रबोधनकाळाची; आतील कमानदार छताची घडण त्याहून जुन्या गॉथिक वळणाची. दगडी वास्तुकलेची ही भाषा एका ग्रामीण सुताराने लाकडात बोलून दाखविली.

1809 मध्ये स्वीडनची सत्ता गेली, रशियाची आली. 1821 मध्ये याक्कोचा नातू एर्क्की लेप्पॅनेन याने मंदिराला घंटाघर जोडले. राज्यकर्ते बदलले, पण आजोबांचे काम नातवाने पुढे नेले. खेड्याचा इतिहास राजवटींच्या सनावळीने मोजता येत नाही, तो असा.

पुढे 1879 मध्ये नवे मंदिर झाले आणि जुने ओस पडले. कित्येक दशके त्याची डागडुजीही झाली नाही. तथापि दफनभूमी आणि घंटाघर वापरात राहिले. माणसे आपल्या मृतांना घेऊन तेथे येतच राहिली. 1920 नंतरच्या दशकात योसेफ स्ट्रिगॉव्स्की या ऑस्ट्रियन कलेतिहासकाराने या वास्तूचे मोल सांगितले. मग स्वतंत्र फिनलंडमध्ये तिचा जीर्णोद्धार झाला. 1994 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. उपेक्षेमुळे छपराची हानी होते, हे खरे. पण अविचारी नूतनीकरणामुळे वास्तूचा मूळ चेहराच जातो. पेतॅयॅवेसीत पहिले घडले, दुसरे टळले. मात्र हे दैव होते, शहाणपण नव्हे. आणि प्रत्येक गावाला असे दैव लाभत नाही. डोळ्यांसमोरच्या वस्तूचे मोल कळण्यास परक्या पाहुण्याची वाट पाहावी लागू नये, एवढे तरी आपण या लहान गावापासून शिकावे. जे पूर्वजांच्या हातांनी घडले, ते ओळखण्याचे पहिले काम आपल्याच डोळ्यांचे आहे.