आपलाच नाल, आपल्यालाच बक्षीस

पोकरच्या टेबलावर खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात. टेबल चालवणाऱ्याशी त्यांची पैज नसते. मग त्याचं पोट कशावर भरतं? डावात जमलेल्या पैशांतून तो आधी आपला वाटा काढून घेतो. पोकरवाले त्याला रेक म्हणतात, आपल्याकडच्या जुगाराच्या अड्ड्यांवर नाल म्हणतात. रीत फार जुनी आहे. द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत, असं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितलं आहे. ऑनलाइन पोकरचाही सर्रास चालणारा दर शेकडा पाचच, फक्त डावामागे काही डॉलरची कमाल मर्यादा. बोनसची कुळकथा या नालापासून सुरू करावी लागते, कारण पुढे जी काही खैरात दिसते ती सगळी याच गल्ल्यातली.

खऱ्या पैशांचं ऑनलाइन पोकर १९९८ साली ‘प्लॅनेट पोकर’ने सुरू केलं. पाठोपाठ १९९९मध्ये ‘पॅराडाइज पोकर’ आलं, २००१मध्ये ‘पार्टीपोकर’ आणि ‘पोकरस्टार्स’. या धंद्याची अडचण अशी, की रिकाम्या टेबलावर कुणी बसत नाही. माणसं असतील तिथेच माणसं येतात. म्हणून नव्या गिऱ्हाइकाला आमिष दाखवायची वेळ आली आणि पहिल्यांदा पैसे भरणाऱ्यासाठी बोनस निघाला: तुम्ही भराल तेवढेच आम्ही घालू.

घालू म्हणजे लगेच हातात देऊ असं नव्हे. समजा, कुणी शंभर डॉलर भरले आणि त्याच्या नावावर शंभरचा बोनस लागला. ही रक्कम कुलपात. तो खेळत राहील, त्याच्या डावांतून नाल कापला जाईल, तसतशी ती हप्त्याहप्त्याने सुटणार, तीही ठरलेल्या मुदतीत. चारशे डॉलर नाल भरल्यावर बोनस पूर्ण सुटत असेल, तर तो नालावरचा शेकडा पंचवीस परतावा झाला. मुदत संपेपर्यंत दोनशेचाच नाल भरला गेला, तर निम्मा बोनस बुडाला. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत शंभर असतं, चारशे मात्र नियमांच्या पोटात.

यापुढची पायरी कंपन्यांनी नव्हे, दलालांनी चढवली. खेळाडू आणून देणाऱ्याला त्या खेळाडूच्या नालातला हिस्सा कायम मिळे. एकाच साइटसाठी असे पुष्कळ दलाल. मग त्यांच्यातच चढाओढ लागली: माझ्यामार्फत खातं उघड, माझ्या हिश्शातलं थोडं तुला देतो. हेच रेकबॅक. बऱ्याच कंपन्यांनी त्यावर बंदी घातली, पण व्यवहार गुपचूप चालूच राहिला. २००४ साली आलेल्या ‘फुल टिल्ट’ने ती लाज सोडली आणि शेकडा २७ परताव्याला उघड मान्यता दिली.

आता खरी मेख. हा नाल कुणी भरला, हे ठरवायचं कसं? नऊजणांच्या टेबलावर एका डावातून तीन डॉलर कापले गेले. जुनी सोपी पद्धत अशी, की पत्ते वाटले गेलेल्या सगळ्यांच्या नावावर सारखे भाग मांडायचे. म्हणजे पत्ते बघून लगेच टाकून देणाऱ्याच्या खात्यावरही तेहतीस सेंट नाल जमा, आणि त्यावर परतावा. या हिशेबातून एक नवीच जात जन्माला आली. एका वेळी वीस-चोवीस टेबलं उघडायची, जवळजवळ सगळे पत्ते फेकायचे, खेळात ना नफा ना तोटा ठेवायचा आणि घरखर्च परताव्यावर चालवायचा. याला खेळ म्हणण्यापेक्षा कारकुनी म्हणणं बरं. ‘पोकरस्टार्स’ने २०१२च्या सुरुवातीला प्रत्यक्ष पैसे घालणाऱ्याच्याच नावावर प्रमाणात नाल मांडायचं ठरवलं, तेव्हा या मंडळींनी मोठाच गदारोळ केला. गणित मात्र कंपनीचं रास्त होतं.

मधल्या काळात धंदा फुगला होता. टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून थोडक्या डॉलरमध्ये पोकरच्या जागतिक मालिकेत शिरला आणि २००३ साली तिथले पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. गर्दी आपोआप येऊ लागली, तशी बक्षिसांची दिशा बदलली: आता आलेल्याला टिकवायचं. विमान कंपन्या प्रवाशांना पॉइंट देत होत्या, कॅसिनोंनी कार्डं काढली होती. पॉइंट जमवत वर चढायची तीच शिडी इथे आली. ‘पोकरस्टार्स’च्या शिडीचं टोक म्हणजे ‘सुपरनोव्हा एलिट’. त्यासाठी एका वर्षात दहा लाख पॉइंट लागत. डिसेंबर उजाडला की पॉइंट कमी पडलेले लोक झोप सोडून टेबलं उघडत.

२०१४मध्ये कॅनडाच्या ‘अमाया’ने ४९० कोटी डॉलरना ‘पोकरस्टार्स’ विकत घेतलं, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या वरच्या पायऱ्यांवर कुऱ्हाड चालवली. दोन वर्षांच्या सवलतींच्या भरवशावर वर्षभर घासलेल्यांच्या हातून दुसरं वर्ष गेलं. १ ते ३ डिसेंबर २०१५ असे तीन दिवस खेळाडूंनी संप केला, उपयोग झाला नाही. कंपनीला उमगलं होतं ते एवढंच: सराईत खेळाडू टेबल भरतो खरा, पण हौशी माणसाचे पैसे चटकन खिशात घालून बाहेर नेतो. हौशी माणूस हरायला वेळ घेईल, तितका नाल जास्त. व्यवसाय म्हणून निर्णय समजू शकतो. वर्ष संपता संपता नियम फिरवणं मात्र सरळसरळ शब्द फिरवणं होतं.

२०१७मध्ये पॉइंटांच्या जागी पेट्या आल्या. ठरावीक खेळलात की एक पेटी उघडायची. आत किती निघेल ते नशिबावर. परताव्याचाच जुगार झाला.

आपल्याकडे बोनसचं एक देशी रूप निघालं. १ ऑक्टोबर २०२३पासून भरणा रकमेवर शेकडा २८ जीएसटी लागला. शंभर रुपये भरले की सुमारे बावीस रुपये करात जात, अठ्ठ्याहत्तर उरत. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून बऱ्याच कंपन्यांनी तेवढेच बावीस बोनस म्हणून परत दाखवायला सुरुवात केली. स्क्रीनवर पुन्हा पूर्ण शंभर! ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले. त्यांच्या जाहिराती आणि बँकांमार्फत होणारा भरणाही त्यात आला.