शिळा रस्सा आणि जहांगीरची टर्की

रहिमतपुरात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं शिळा रस्सा. फ्रीज नव्हता तेव्हा आजी तो रात्री खळखळून उकळायची, सकाळी पुन्हा. आता आजी नाही. यंदा मी नुसता कोमट करून ठेवला. पातेलंभर रस्सा आंबला, ओतून द्यावा लागला.

अमेरिकेत सणानंतर उरते टर्की. हा पक्षी मूळ तिकडचाच. १६१२ च्या सुमारास मुकर्रब खानानं गोव्याहून एक टर्की जहांगीरकडं नेली, मन्सूरनं तिचं चित्र काढलं. मिरचीसुद्धा अमेरिकेचीच, पोर्तुगीजांनी आणलेली. टर्की दरबारात मिरवली, मिरची मात्र आमच्या कांदा-लसूण चटणीत उतरली. म्हणजे आजीचा रस्साही निम्मा परदेशी की! तिला हे सांगायचं राहूनच गेलं.