कृष्णाकाठचा लोकरी मावा आणि आसामची पाहुणी

इतिहास म्हटला की आपल्यासमोर गड, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. किडीमुंगीचाही इतिहास असतो, हे आपल्या भागाला २००२ साली कळले. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यातील उसाच्या पानांमागे, कापूस पिंजून चिकटवावा तशी पांढरी लव दिसू लागली आणि पाहता पाहता सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर असे जिल्हे ओलांडीत ती बेळगावच्या बाजूसही जाऊन पोचली. वरच्या पानांतून चिकट रस खाली ठिबके, त्यावर बुरशी धरे आणि हिरवागार फड काजळी फासल्यासारखा काळा पडे. हाच तो पांढरा लोकरी मावा.

ही कीड काही त्या वर्षी जन्मलेली नव्हे. जावा बेटातील साखर संशोधन केंद्रात काम करणाऱ्या लिओ झेंटनर या स्विस शास्त्रज्ञाने १८९७ साली तिचे वर्णन करून ठेवले होते. आसाम, नागालँड, बंगाल या बाजूस ती पूर्वीपासून होती. पण तिथे तिने एवढा उच्छाद मांडला नव्हता. मग कृष्णाकाठीच का? एक तर माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लांनाच जन्म देते, त्यामुळे वाढीला वेळ लागत नाही. दुसरे आणि मोठे कारण असे की, मावा आला, पण त्याचे जुने वैरी पूर्वेकडेच राहिले. परक्या किडीची ही जगभरची रीत आहे. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात आशियातील फळमाशी हवाई बेटांत शिरली, तेव्हा तिचा बंदोबस्त करणारे परोपजीवी कीटकही आशियातूनच न्यावे लागले.

प्रथम अर्थातच औषधांचे फवारे झाले. परंतु दोन पुरुष उंचीच्या, आडव्या पडलेल्या फडात माणूस शिरणार कसा, आणि पानाच्या मागल्या अंगाला औषध लागणार कसे? शिवाय फवाऱ्याने माव्याबरोबर त्याला खाणारेही मरत. ज्याचे हातावर पोट, त्याने कर्ज काढून मारावे कोणाला? तर आपल्याच राखणदाराला!

हे राखणदार फडात येऊ लागले होते. एक डिफा नावाच्या पतंगाची अळी. आपल्याकडे तिला कोनोबाथ्रा या जुन्या नावानेही ओळखतात. दुसरा मायक्रोमस. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठे आणि बंगळूरचे जैविक कीडनियंत्रण संचालनालय यांनी त्यांची पैदास व प्रसार हाती घेतला. हेक्टरी डिफाच्या १,००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस झाली. ज्या शेतात त्या वाढल्या, तेथील पानांचे तुकडे कापून दुसऱ्या शेतात नेऊन टाचायचे, इतके हे काम साधे. विरजण शेजारी द्यावे तसे.

तिसरी मात्र खास पाहुणी. एन्कार्सिया ही गांधीलमाशीच्या गोत्रातील, पण खसखशीच्या दाण्याएवढी माशी आसामातून दक्षिणेत आणून सोडण्यात आली. तिच्या बहुतेक बहिणी पांढऱ्या माशीच्या मागे असतात. हिने मावा पत्करला. माव्याच्या पिल्लाच्या अंगात ती अंडे घालते, आतली अळी त्याला पोखरून वाढते आणि पूर्ण वाढलेली माशी बाहेर पडते. गंमत अशी की, हिचेही वर्णन प्रथम झेंटनरनेच १९०० साली केले होते. रोग आणि उतारा एकाच वैद्याच्या वहीत शंभर वर्षे पडून होते!

२००३-०४ च्या हंगामात राज्याचे साखर उत्पादन आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आले. त्याचे सारे खापर माव्यावर फोडणे न्यायाचे नाही; त्या काळचा दुष्काळ त्याहून मोठा धनी होता. पण दुष्काळात तगलेला ऊसही ज्याच्या हातचा जाऊ लागला, त्याला हा हिशेब ऐकवण्यात काय अर्थ? पुढे माव्याचा जोर ओसरला. तो नाहीसा मात्र झालेला नाही. ढगाळ, दमट हवा पडली की फडात अजून पांढरे ठिपके दिसतात. जाणता शेतकरी तेव्हा पंपाकडे धावण्याआधी पान उलटून पाहतो, की त्या लोकरीत डिफाची अळी फिरते आहे की नाही.