इस्रायलमधील बेने इस्रायल व बेटा इस्रायल समुदायांची तुलनात्मक स्थिती

बेने इस्रायल हा कोकणातील, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातील, मराठीभाषक ज्यू समुदाय असून बेटा इस्रायल हा उत्तर इथियोपियातील ज्यू समुदाय आहे. दोन्ही समुदायांतील बहुसंख्य लोक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्रायल देशात स्थलांतरित झाले. दोहोंच्या ज्यू असण्याविषयी तेथील धर्मपीठाने शंका घेतली, दोहोंना प्रामुख्याने देशाच्या परिघावरील नगरांत व दुर्बल वस्त्यांत वसवण्यात आले आणि दोहोंनी रस्त्यावर उतरून समान वागणुकीची मागणी केली. तथापि आगमनाचा काळ, सोबत आणलेले शिक्षण आणि शासनाचे धोरण यांतील फरकांमुळे त्यांची आजची सामाजिक व आर्थिक स्थिती भिन्न आहे.

स्थलांतरापूर्वीची पार्श्वभूमी

बेने इस्रायल

परंपरेनुसार बेने इस्रायलांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले; त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे ते कोकणातील गावोगावी पसरले. तेल गाळणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय होता. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत; त्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर यांसारखी त्यांची आडनावे मूळ गावांवरून आली आहेत. कोकणातील हा मुलूख ब्रिटिश कुलाबा जिल्हा, जंजिरा संस्थान आणि घाटावरील भोर संस्थानाच्या ताब्यातील सुधागड (पाली) अशा वेगवेगळ्या अंमलांत विभागलेला होता.

अठराव्या शतकापासून या समुदायाचे मुंबईकडे स्थलांतर सुरू झाले. सामाजी हसाजी (सॅम्युएल इझेकियल) दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समुदायाचे पहिले सिनेगॉग बांधले. एकोणिसाव्या शतकात सैन्य, रेल्वे, टपाल, शिक्षण व रुग्णसेवा या क्षेत्रांत बेने इस्रायलांनी स्थान मिळवले. शालोम बापूजी इस्रायल हे जंजिरा संस्थानाचे दिवाण होते. पुण्यातही समुदायाची वस्ती झाली. रास्ता पेठेतील सुकत शेलोमो सिनेगॉग १९२१ मधील आहे. भारताच्या स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायलांची संख्या सुमारे २० हजार होती. त्यांपैकी बरेच जण शहरी, साक्षर आणि पगारी नोकरीत असलेले होते. भारतात त्यांना ज्यू म्हणून छळ सोसावा लागला नव्हता.

बेटा इस्रायल

बेटा इस्रायल हे गोंदर व तिग्राय या डोंगराळ प्रदेशांत राहत असत. शेजारी त्यांना ‘फलाशा’ म्हणत. हा शब्द आज अपमानकारक मानला जातो. जमिनीच्या मालकीपासून वंचित असल्यामुळे ते कुळे म्हणून शेती करीत किंवा लोहारकाम, कुंभारकाम व विणकाम यांवर उपजीविका चालवीत. त्यांचे धर्मग्रंथ गीझ भाषेत असून धर्मकार्य ‘केस’ नावाचे पुरोहित पार पाडीत. तालमूद आणि त्यानंतरची रब्बींची परंपरा त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. बहुसंख्य लोक ग्रामीण होते व औपचारिक शिक्षणाचा प्रसार मर्यादित होता.

स्थलांतर

बेने इस्रायलांचे स्थलांतर १९४८ नंतर सुरू झाले व पुढील काही दशके टप्प्याटप्प्याने चालू राहिले. ते स्वेच्छेने झाले. धार्मिक ओढ, ब्रिटिश गेल्यानंतर नोकऱ्यांविषयी वाटणारी अनिश्चितता आणि आधी गेलेल्या नातलगांचे बोलावणे ही त्यामागील मुख्य कारणे होती. स्थलांतरितांना भारतात परतण्याचा मार्ग खुला होता.

बेटा इस्रायलांचे स्थलांतर याउलट दुष्काळ, यादवी युद्ध व लष्करी राजवट यांच्या छायेत झाले. हजारो लोक पायी सुदानमध्ये पोहोचले. वाटेत व निर्वासितांच्या छावण्यांत सुमारे चार हजार जण मृत्युमुखी पडल्याचे मानले जाते. नोव्हेंबर १९८४ ते जानेवारी १९८५ या काळातील ‘ऑपरेशन मोझेस’द्वारे सुमारे आठ हजार जणांना सुदानमधून विमानाने इस्रायलला नेण्यात आले. २४ व २५ मे १९९१ रोजी ‘ऑपरेशन सॉलोमन’मध्ये अदिस अबाबा येथून सुमारे ३६ तासांत १४ हजारांहून अधिक लोक आणण्यात आले. त्यानंतर ‘फलाश मुरा’, म्हणजे पूर्वी ख्रिस्ती झालेल्या ज्यूंचे वंशज, यांचे आगमन टप्प्याटप्प्याने होत राहिले.

धार्मिक मान्यतेचा प्रश्न

इस्रायलमध्ये ज्यूंच्या विवाहाची नोंदणी धर्मपीठाच्या अखत्यारीत असून तेथे नागरी विवाहाची सोय नाही. त्यामुळे एखाद्या समुदायाविषयी रब्बींनी शंका घेतल्यास तिचा परिणाम थेट कुटुंबजीवनावर होतो. १९५० च्या पुनरागमन कायद्यानुसार नागरिकत्व मिळालेल्या व्यक्तीलाही विवाह नाकारला जाऊ शकतो.

दोन्ही समुदायांबाबत घेतलेली शंका बहुतांशी एकाच मुद्द्यावर आधारलेली होती. ज्यू धर्मशास्त्रानुसार विधिवत घटस्फोटपत्राशिवाय पुनर्विवाह केलेल्या स्त्रीला दुसऱ्या पतीपासून झालेली संतती ‘ममझेर’ ठरते व तिच्या वंशजांना इतर ज्यूंशी विवाह करता येत नाही. मुख्य प्रवाहापासून शतकानुशतके दूर राहिलेल्या या समुदायांत घटस्फोटाचे व विधवाविवाहाचे शास्त्रोक्त नियम पाळले गेले होते काय, तसेच त्यांच्यात ज्यूएतरांशी विवाहसंबंध झाले होते काय, असे प्रश्न रब्बींनी उपस्थित केले.

बेने इस्रायलांबाबत मुख्य रब्बी मंडळाने ऑक्टोबर १९६१ मध्ये विवाहास तत्त्वतः परवानगी दिली. मात्र १९६२ च्या आरंभी काढलेल्या निर्देशांत विवाहेच्छू व्यक्तीची आई, आजी व शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करण्यास सांगितले गेले आणि त्यांत समुदायाचा नावानिशी उल्लेख होता. त्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. १९६४ च्या उन्हाळ्यात आंदोलकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने (क्नेसेट) या प्रश्नावर खास चर्चा करून बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे घोषित केले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनीही हीच भूमिका घेतली. त्यानंतर रब्बी मंडळाने निर्देशांतून समुदायाचे नाव वगळले. १९९० च्या दशकातही काही स्थानिक रब्बींनी विवाहनोंदणीस हरकत घेतल्याची प्रकरणे घडली.

बेटा इस्रायलांना सेफार्दी मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांनी १९७३ मध्ये ज्यू म्हणून मान्यता दिली आणि १९७५ मध्ये शासनाने त्यांना पुनरागमन कायदा लागू केला. तरीही विवाहापूर्वी प्रतीकात्मक धर्मांतर म्हणून विधिवत स्नान करण्याची अट धर्मपीठाने घातली. समुदायाने ती अपमानकारक मानली व १९८५ मध्ये जेरुसलेममधील मुख्य रब्बींच्या कार्यालयासमोर सुमारे महिनाभर धरणे धरले. पुढे नेतान्या येथील रब्बी डेव्हिड शलूश यांच्यामार्फत स्नानाशिवाय विवाहनोंदणीची सोय झाली. केसांना विवाह लावण्याचा पूर्वीचा अधिकार मात्र मिळाला नाही. बेने इस्रायलांमध्ये वंशपरंपरागत पुरोहितवर्ग नसल्याने हा प्रश्न त्यांच्याबाबत उद्भवला नाही.

आर्थिक स्थिती

वसाहत

१९५० व १९६० च्या दशकांत नवागतांना नव्याने वसवलेल्या ‘विकास नगरां’त पाठवण्याचे शासनाचे धोरण होते. त्यानुसार बेने इस्रायलांची वस्ती दिमोना, बीरशेबा, अश्दोद, अश्कलोन, लोद, रामला आदी ठिकाणी झाली. १९५५ मध्ये वसलेल्या दिमोनाला आजही ‘छोटा भारत’ म्हटले जाते. या नगरांत कापड गिरण्या, रासायनिक उद्योग व बांधकाम यांत रोजगार होता. कारकुनी कामाला वाव कमी होता. मुंबईत कार्यालयीन नोकरी केलेल्या अनेकांना हिब्रू येत नसल्यामुळे अंगमेहनतीची कामे स्वीकारावी लागली.

बेटा इस्रायलांना प्रथम शासकीय समावेशन केंद्रांत व नंतर तात्पुरत्या फिरत्या घरांच्या वसाहतींत ठेवण्यात आले. १९९० च्या दशकात त्यांना घरखरेदीसाठी सवलतीची कर्जे देण्यात आली. परंतु त्या रकमेत परवडणारी घरे प्रामुख्याने दुर्बल वस्त्यांतच उपलब्ध असल्याने नेतान्या, रेहोवोत, किर्यात मलाखी, हदेरा आदी शहरांतील ठरावीक भागांत समुदाय एकवटला.

रोजगार व शिक्षण

बेने इस्रायलांकडे इंग्रजीचे ज्ञान, कारखान्यातील व कचेरीतील कामाचा अनुभव आणि शालेय शिक्षणाची परंपरा होती. पहिल्या पिढीची घसरण झाली तरी दुसऱ्या पिढीने तांत्रिक कामे, परिचर्या, सैन्य व शासकीय सेवा यांत प्रवेश केला. स्त्रियांचे नोकरी करणे समुदायाला नवीन नव्हते.

बेटा इस्रायलांना शेतीप्रधान खेड्यातून थेट औद्योगिक अर्थव्यवस्थेत यावे लागले. पहिल्या पिढीतील अनेकांना सफाई, पहारा व कारखान्यातील अकुशल कामे मिळाली. १९८० च्या दशकात त्यांच्या मुलांना बहुतेक करून शासकीय धार्मिक शाळांत व किशोरांना निवासी शाळांत घालण्यात आले. त्यामुळे काही शाळांत एकाच समुदायाची मुले एकवटली व त्यांचे शैक्षणिक नुकसान झाल्याची टीका झाली. एकविसाव्या शतकात रोजगाराचे व शालान्त परीक्षा उत्तीर्ण होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले आहे. तथापि सरासरी उत्पन्न आणि विद्यापीठ प्रवेशास पात्र ठरणाऱ्या निकालांचे प्रमाण एकूण ज्यू लोकसंख्येपेक्षा कमी आहे.

सामाजिक स्थिती

वर्णभेदाचा अनुभव दोन्ही समुदायांनी सांगितला आहे. १९५१-५२ मध्ये बेने इस्रायलांच्या एका गटाने भारतात परत पाठवण्याच्या मागणीसाठी तेल अवीव येथे धरणे धरले. रंगामुळे आपल्याला हलकी कामे व निकृष्ट पाव दिला जातो, अशी त्यांची तक्रार होती. त्यांपैकी काहींना १९५२ मध्ये भारतात परत आणण्यात आले. पुढे त्यांतील अनेक जण पुन्हा इस्रायलला गेले. मायदेशी परतण्याची अशी मागणी बेटा इस्रायलांना परिस्थितीमुळे करता येण्याजोगी नव्हती.

बेटा इस्रायलांच्या आंदोलनांचा रोख देशांतर्गत वागणुकीवर राहिला. त्यांनी दिलेले रक्त रक्तपेढ्या गुपचूप टाकून देतात, हे जानेवारी १९९६ मध्ये उघड झाल्यावर जेरुसलेममध्ये मोठे निदर्शन झाले. पोलिसांच्या वर्तनाविरुद्ध २०१५ व २०१९ मध्ये देशभर निदर्शने झाली. शासनाने नेमलेल्या पालमोर समितीने २०१६ च्या अहवालात वंशभेद निवारणासाठी शिफारशी केल्या.

दोन्ही समुदायांत अंतर्गत उतरंडही होती. बेने इस्रायलांमध्ये ‘गोरे’ व ‘काळे’ इस्रायल असा भेद पाळला जाई, तर बेटा इस्रायलांमध्ये पूर्वीच्या दासांचे वंशज ‘बारिया’ म्हणून वेगळे गणले जात. इस्रायलमधील वास्तव्यात बेने इस्रायलांमधील हा भेद जवळजवळ लोपला आहे.

संस्कृती व प्रतिनिधित्व

बेने इस्रायलांनी मलिद्याचा विधी, एलियाहू हन्नबीची भक्ती व मराठी कीर्तने टिकवून ठेवली आहेत. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकापासून इस्रायलमधून प्रसिद्ध होत आले असून समुदायात महाराष्ट्र दिनही साजरा केला जातो. तरुण पिढीची घरातील भाषा मात्र हिब्रू झाली आहे.

बेटा इस्रायलांच्या ‘सिग्द’ या सणाला २००८ च्या कायद्याने राष्ट्रीय सणाचा दर्जा मिळाला. आदिसू मसाला १९९६ मध्ये क्नेसेटवर निवडून आले व प्निना तमानो-शाता २०२० मध्ये इथियोपियात जन्मलेल्या पहिल्या मंत्री झाल्या. भारतीय ज्यूंपैकी मुंबईत जन्मलेले एली बेन-मेनाहेम हे क्नेसेट सदस्य व उपमंत्री होते.

आकडेवारी व तुलनेच्या मर्यादा

इस्रायलमधील भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या सुमारे ८५ हजार सांगितली जाते. त्यांत बेने इस्रायल बहुसंख्य असून कोचिनी, बगदादी व बेने मेनाशे यांचाही समावेश होतो. इथियोपियन वंशाच्या नागरिकांची संख्या एक लाख साठ हजारांहून अधिक आहे.

इस्रायलच्या सांख्यिकी खात्यात व्यक्तीचे मूळ साधारणपणे वडिलांच्या जन्मदेशावरून ठरते. त्यामुळे इस्रायलमध्ये जन्मलेल्या पित्याची मुले ‘इस्रायली मूळ’ गटात जातात व बेने इस्रायलांची तिसरी पिढी स्वतंत्र गट म्हणून आकडेवारीत दिसत नाही. इथियोपियन वंशाच्या लोकसंख्येची माहिती मात्र दरवर्षी सिग्दच्या निमित्ताने स्वतंत्रपणे प्रसिद्ध होते. परिणामी बेटा इस्रायलांची विषमता मोजली जाते व तिच्यावर शासकीय योजना आखल्या जातात. बेने इस्रायलांबाबत प्रगती आणि उरलेली विषमता या दोन्ही गोष्टी दक्षिणेकडील नगरांच्या सर्वसाधारण आकड्यांत मिसळून जातात.

इतर समुदाय

पेरू देशातील बेने मोशे हा गट मूळचा कॅथलिक होता. त्यातील काही कुटुंबांनी १९८९ च्या सुमारास रब्बींच्या न्यायमंडळासमोर विधिवत धर्मांतर केले व त्यानंतर ती स्थलांतरित होऊन वेस्ट बँकमधील एलोन मोरे या वसाहतीत राहिली. आधीच धर्मांतर झाल्यामुळे या काहीशे लोकांना ममझेरविषयक शंकेला तोंड द्यावे लागले नाही. मिझोराम व मणिपूरमधील बेने मेनाशे यांना २००५ मध्ये मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी इस्रायलचे वंशज म्हणून मान्यता दिली, परंतु औपचारिक धर्मांतराची अट कायम ठेवली. बेने इस्रायल व बेटा इस्रायल यांनी मात्र आपण मुळातच ज्यू असल्याच्या भूमिकेवरून धर्मांतराची कल्पना नाकारली.

हे सुद्धा पाहा

बेने इस्रायल
बेटा इस्रायल
भारतातील ज्यू धर्म
दिमोना
नवगाव (अलिबाग)