डॅशबोर्डमधली चौकट : गाडीतल्या टेपचा हौशी इतिहास

मे १९२२ मध्ये शिकागोच्या लेन हायस्कूलमधल्या एका मुलाने आपल्या फोर्ड मॉडेल टी गाडीच्या दारात रेडिओ बसवला. नाव जॉर्ज फ्रॉस्ट, वय अठरा, शाळेच्या रेडिओ क्लबचा अध्यक्ष. गाडीतल्या रेडिओच्या अगदी सुरुवातीच्या ज्या नोंदी सापडतात, त्यांतली ही एक. मी पेशाने शिक्षक, त्यामुळे असेल, पण या नोंदीत मला गाडीपेक्षा तो 'शाळेचा रेडिओ क्लब' जास्त महत्त्वाचा वाटतो. ही गोष्ट हौशी पोरांनीही करून पाहिली होती.

गाडीतल्या संगीताचा इतिहास साधारणपणे कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. अमक्या साली अमक्या कंपनीने अमुक आणले. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. त्या अर्ध्या इतिहासातही जरा खोलात गेले की हौशी माणूस भेटतोच.

मोटोरोलाचेच घ्या. पॉल गॅल्विन आणि त्यांचे बंधू जोसेफ यांनी १९२८ मध्ये शिकागोत छोटा कारखाना काढला. माल होता 'बॅटरी एलिमिनेटर', म्हणजे बॅटरीवरचा रेडिओ घरच्या विजेवर चालवण्याचे साधन. थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात येताच त्या साधनाची गरज संपत चालली. मग गॅल्विन गाडीच्या रेडिओकडे वळले. मदतीला विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग. यातले लिअर म्हणजे पुढे लिअरजेट विमान आणि एट-ट्रॅक टेप आणणारे गृहस्थ. त्यांचे शालेय शिक्षण आठवीपर्यंत. जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन होते. गॅल्विन यांच्याकडे तिथे दुकान मांडायला पैसे नव्हते. त्यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला, शिकागोहून आठशेहून अधिक मैल गाडी हाकली आणि अधिवेशनाच्या बाहेर उभी करून आवाज मोठा केला. ऑर्डरी मिळाल्या. 'मोटर' आणि त्या काळच्या 'व्हिक्ट्रोला' ग्रामोफोनचे शेपूट जोडून नाव ठरले मोटोरोला. आज हे नाव आपण मोबाइलवर वाचतो.

हा रेडिओ बसवणे म्हणजे काय काम होते, ते समजून घेण्यासारखे आहे. रेडिओच्या नळ्यांना जास्त व्होल्टेज लागे आणि ते गाडीच्या बॅटरीतून मिळत नसे. म्हणून पायाखालच्या फळ्या उचलून वेगळ्या बॅटऱ्यांची पेटी ठेवावी लागे. स्पीकर वेगळा, रेडिओ वेगळा, एरियल छताच्या अस्तरात. हे सगळे होऊन आवाज लागला की त्यात प्लगच्या ठिणग्यांची कडकड ऐकू येई. मग प्रत्येक प्लगच्या तारेत रोध बसवायचा, तारा धातूच्या जाळीत गुंडाळायच्या. काम दिवसभराचे, कधी दोन दिवसांचे. जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये गाडीचा रेडिओ काढला, त्याची किंमत ४६५ मार्क होती, म्हणजे त्या काळच्या गाडीच्या किमतीच्या जवळपास तिसरा हिस्सा. इतके पैसे मोजून इतका त्रास माणूस का विकत घेतो? हौस, एवढेच उत्तर आहे. आपल्याकडे हौसेला मोल नसते म्हणतात. इथे मोल होते आणि लोक ते देत होते.

त्याच सुमारास अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, गाडी चालवताना रेडिओ ऐकण्यावर बंदी घालावी असे प्रस्ताव आले. चालकाचे लक्ष विचलित होते, झोप लागते, असे त्यामागचे म्हणणे. बंदी टिकली नाही. मॅसॅच्युसेट्सचे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

१९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ जाहीर केला आणि जास्त व्होल्टेजची कटकट संपली. पण हौशी माणसासाठी खरी क्रांती केली ती कॅसेटने. फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट दाखवली, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ती गाडीत आली.

आपल्याकडे तर तिचे मोल आणखी वेगळे होते. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे. ती पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. शिवाय रेडिओवर काय लागेल हे आकाशवाणी ठरवणार. कॅसेटने ते ठरवण्याचा हक्क गाडीवाल्याच्या हातात दिला. एकाच्या गाडीत भीमगीते, दुसऱ्याच्या गाडीत कव्वाली, तिसऱ्याकडे लावणी, चौथ्याकडे नात. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या कॅसेटयुगावर १९९३ मध्ये एक अख्खा ग्रंथ लिहिला. मोठ्या ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी या स्वस्त फितीने कशी मोडली, ते त्यात सविस्तर आहे. त्या फिती वाजल्या कशावर आणि ती यंत्रे गाडीत बसवली कोणी, हे मात्र अजून कोणीतरी लिहायला हवे.

कारण अँबॅसेडर असो, प्रीमियर पद्मिनी असो की १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, साध्या गाडीत टेप मिळत नसे. गाडी घ्यायची आणि मग टेप 'बसवून' घ्यायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, ऑपेरा हाऊस, कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि नाना पेठ या बाजारांत हा सगळा माल मिळे. बसवणारे मिस्त्री होते आणि त्यांच्या हाताखाली पान्हा-पकड देणारी पोरे होती. पैसे वाचवायचे किंवा जीवच रमतो म्हणून घरच्या अंगणात स्वतः बसवणारेही होते. या निबंधाचे खरे नायक हेच.

त्यांना हे शक्य झाले एका चौकटीमुळे. रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. जर्मनांनी गाडीच्या रेडिओसाठी हे माप ठरवले आणि १९८४ मध्ये ते आयएसओ ७७३६ म्हणून आंतरराष्ट्रीय झाले. दुकानात 'सिंगल डिन' म्हणतात ते हेच, त्याची उंची दुप्पट केली की 'डबल डिन'. दिसायला क्षुल्लक बाब, पण तिचा अर्थ केवढा मोठा. गाडी कोणत्याही कंपनीची, टेप कोणत्याही कंपनीचा, तरी भोकात बसणार. पुढे मागच्या कप्लरचेही माप ठरले आणि तारांचे रंग रूढ झाले. पिवळी तार म्हणजे बॅटरीचा डायरेक्ट करंट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी म्हणजे बॉडी अर्थ. पुढचे स्पीकर पांढरे आणि करडे, मागचे हिरवे आणि जांभळे. काळी रेघ असलेली ती उणे. एवढे पाठ असले, मल्टिमीटर हातात असला आणि कामाआधी बॅटरीची उणे तार काढून ठेवली की पहिल्यांदा काम करणाराही तासाभरात टेप बदलू शकतो. अपवाद असतात. फोक्सवॅगनच्या अनेक जुन्या गाड्यांत पिवळ्या आणि लाल तारेच्या जागा उलट असतात. मग चावी काढली की टेप सगळी स्टेशने विसरतो आणि माणूस टेपला शिव्या देतो.

याच टप्प्यावर बाजारातली एक जुनी थापही उलगडून ठेवतो. टेपच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात. स्पीकर बहुधा ४ ओमचा. व्होल्टचा वर्ग करा, २०७ येतात. त्याला चाराने भागा, ५२ येतात. खोक्यावरचे पन्नास वॅट आले ते इथून. पण हा आकडा खरा व्हायला आवाजाची लाट पूर्ण चौकोनी लागते, म्हणजे गाणे फाटून चिंध्या झालेले असते. स्वच्छ लाटेला याच्या निम्मे मिळतात, त्यातले थोडे वाया जाऊन हातात वीसेक वॅट उरतात. यात कोणी खोटा आकडा छापत नाही. गणित खरे आहे, फक्त गाण्याशी त्याचा संबंध नाही. हे वीस वॅट मिळवण्यासाठीही टेपमधला अॅम्प्लिफायर स्पीकरच्या दोन्ही तारा हलवतो, म्हणून त्यातली एकही तार बॉडीला लावून चालत नाही. जुन्या गाड्यांत स्पीकरला एकच तार नेऊन दुसरे टोक पत्र्याला अर्थ करण्याची रीत होती. त्याच वायरिंगवर नवा टेप जोडणाऱ्यांचे किती टेप जळाले असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

वीस वॅटच्या पुढे जायचे तर आधी व्होल्टेज वाढवायला हवे. ते काम वेगळा अॅम्प्लिफायर आपल्या पोटात करतो. सत्तरच्या दशकात अॅरिझोनातल्या जिम फॉसगेट यांच्यासारख्या छंदिष्टांनी असे अॅम्प्लिफायर बनवायला घेतले आणि त्यातून अख्खा उद्योग उभा राहिला. तीनशे वॅटचा अॅम्प्लिफायर जोरात वाजताना पस्तीस-चाळीस अँपिअर ओढतो. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, त्यावरून अंदाज येईल. म्हणून त्याची तार थेट बॅटरीपासून आणायची, जाड आणि अस्सल तांब्याची. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार सर्रास मिळते. ब्लेडने थोडी खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दोन वितींच्या आत हवा. अनेकांना वाटते फ्यूज अॅम्प्लिफायरला वाचवतो. तो तारेला वाचवतो. अॅम्प्लिफायरजवळ फ्यूज लावला आणि मधली तार कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली, तर गाडी पेटायला काहीही आडवे येत नाही. या एका बाबतीत मी हौशी लोकांची बाजू घेणार नाही. फ्यूज न लावणारा हौशी नव्हे, बेजबाबदार.

आणि सगळे जोडून झाल्यावर स्पीकरमधून येतो तो 'कुंईंई' आवाज, अॅक्सिलरेटर दाबला की चढणारा. हा अल्टरनेटरचा आवाज. गंमत अशी की मोटोरोलातल्या त्याच एल्मर वेव्हरिंग यांचा पुढे गाडीच्या अल्टरनेटरच्या विकासातही वाटा होता. १९३० साली प्लगच्या कडकडीशी झगडणाऱ्या माणसाने पुढच्या हौशी पिढ्यांना झगडायला नवा आवाज देऊन ठेवला. उपाय जुनेच आहेत. अर्थ एकाच जागी, रंग खरवडून, घट्ट. आणि सिग्नलची तार गाडीच्या एका बाजूने, करंटची दुसऱ्या बाजूने.

आमच्याकडची आठवण अनेकांना असेल, मागच्या काचेखाली प्लायवूडची फळी आणि त्यात सहा बाय नऊ इंचाचे दोन अंडाकृती स्पीकर. ही फळी शोभेची नव्हती. स्पीकर पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागून ओढतो. उघड्यावर ठेवला तर दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि ढोलकीचा घुमारा नाहीसा होतो. फळी त्यांना वेगळे ठेवते. खोके किती लिटरचे असावे हे आधी अंदाजाने ठरे. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे गणित मांडले. आज ते गणित स्पीकरच्या माहितीपत्रकात असते आणि वूफरचे खोके घरी बनवणारा कोणीही ते करू शकतो.

इथे माझ्या धंद्याची एक गोष्ट. मराठी विज्ञानाच्या पुस्तकात 'रोध' असतो, उर्दू माध्यमाच्या पुस्तकात 'मुज़ाहमत'. दोन्ही माध्यमांतली मुले शब्द पाठ करतात आणि परीक्षेत ओमचा नियम लिहितात. गॅरेजमधला शागीर्द दोन्ही शब्द जाणत नाही. पण चार ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर दोन ओम होतात आणि टेप तापतो, हे तो बोट लावून सांगतो. त्याच्या उस्तादाने त्याला तसे शिकवलेले असते. त्याच नियमात आपण त्याला नापास केलेले असते. आपल्या वस्त्यांतल्या किती मुलांचे शाळा सुटल्यानंतरचे शिक्षण अशा दुकानांत झाले, आणि त्याला शिक्षण म्हणायला आपण किती का-कू केली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण ती चौकट त्यांची प्रयोगशाळा होती, एवढे इथे नोंदवायलाच हवे.

आता ती चौकट जाते आहे. नव्या गाड्यांत टेपच्या जागी मोठा पडदा असतो आणि तो गाडीच्या अंतर्गत जाळ्याला जोडलेला असतो. एसी त्यावर, मागचा कॅमेरा त्यावर, गाडीच्या सूचनाही त्यावर. तो काढला तर नुसते गाणे बंद पडत नाही. कंपनीचे म्हणणे असे की हे सुरक्षिततेसाठी आहे. काही अंशी खरे आहे. पण आपण विकत घेतलेल्या वस्तूचे झाकण उघडण्याचा हक्क त्यात गेला, हेही खरेच आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कौल दिला की गाडीच्या दुरुस्तीला लागणारी माहिती कंपनीने मालकाला आणि बाहेरच्या मिस्त्रीलाही द्यावी. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारे आणि मोबाइलबरोबर मोटारगाड्याही आहेत.

हौशी लोक तोवर थांबलेले नाहीत. पडद्याला हात न लावता ते त्याच्या मागून निघणाऱ्या स्पीकरच्या तारा पकडतात, त्यातला जोरकस सिग्नल एका छोट्या डबीतून उतरवून अॅम्प्लिफायरला देतात आणि कंपनीने आवाजात केलेली काटछाट दुसऱ्या डबीत सरळ करून घेतात. डबी सीटखाली असते. डॅशबोर्ड जसाच्या तसा राहतो.